सातव्या बाराबाबत पुरवणी जबाब

नाव: डेरेक आर्थर प्रॉथरो. वय: ६६ वर्षे. धंदा: रेल्वेत सिग्नलमन, आता निवृत्त. राहणार: ३, मिल लेन, ऑनीब्रिज, श्रॉपशायर. जबाबाची तारीख व वेळ: गुरुवार, २७ जून २०१९, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. लिहून घेणार: सार्जंट बीव्हन, ऑनीब्रिज पोलीस ठाणे.

मी समक्ष सांगतो की, मला आज कोणी बोलावलेले नाही. मी माझ्या पायाने आलो आहे. रविवार दिनांक २३ जून रोजी आमच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, झालेल्या अपघाताबाबत मी त्याच संध्याकाळी एक जबाब दिला होता. तो दीड पानांचा आहे. त्यातले शेवटचे अर्धे पान खोटे आहे.

सार्जंटबाईंनी मला बजावले की मी बोलायला बांधील नाही, बोललो तर ते माझ्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, आणि मला वकील बोलावता येईल. ते मला समजले. वकील नको. वकील येईपर्यंत थांबायला वेळ नाही. उद्या सकाळी अकरा वाजता हॉवेल टिमिस हॉस्पिटलात एका कागदावर सही करणार आहे, की तो एकट्याने राहायला लायक उरलेला नाही आणि त्याला वृद्धाश्रमात हलवावे. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. रविवारी आपणच विसरून बंदुकीत दोनदा दारू भरली असे त्याला वाटते, म्हणून तो सही करणार आहे. तसे घडलेले नाही. हे मला एकट्यालाच ठाऊक आहे.

हॉवेल टिमिस, वय ७७, हा घोड्यांना नाल मारण्याचे काम करत असे. माझी त्याची ओळख एकतीस वर्षांची. ती एका लिलावात झाली. सन १८६२ ची, लंडनच्या टॉवरचा शिक्का असलेली, नळीवर तीन पट्ट्यांची एन्फील्ड रायफल होती, दस्त्याच्या पितळेवर कुठल्याशा स्वयंसेवक तुकडीची अक्षरे ठोकलेली. मी दोन महिने तिच्यावर डोळा ठेवून होतो. ती हॉवेलने घेतली. नंतर चहाच्या टेबलाशी तो माझ्याजवळ आला आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाला, "घे, एकदा नीट बघून घे. नाहीतर घरी जाऊन तळमळत बसशील." रविवारी जी फुटली ती हीच.

आम्ही जुन्या ब्रिटिश लष्करी ठासणीच्या बंदुका जमवतो आणि त्यांनी नेम मारतो. असली बंदूक नुसती भिंतीवर टांगायची तर परवाना लागत नाही. तिच्यात दारू घालायची म्हटले की लागतो. तुम्ही त्या भिंतीवरच का ठेवत नाही, असे लोक आम्हाला फार विचारतात. मी या प्रश्नाला उत्तर देत नाही. हॉवेल द्यायचा. तो म्हणायचा की घोडी तबेल्यातच बांधून ठेवायची होती तर नाल मारायला मला कशाला बोलावलंत.

मी आमच्या या नेमबाजी मंडळाचा चिटणीस आहे आणि बहुतेक रविवारी चांदमारीवर हुकूम देण्याचे कामही माझ्याकडे असते. सभासद मला पाठीमागे 'सिग्नल' म्हणतात, हे मला माहीत आहे. चव्वेचाळीस वर्षे मी खटके ओढले आणि घंटा मोजल्या. माझ्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही. मोजण्यात माझी चूक होत नाही असे मी समजत होतो, आणि ते लोकांना ऐकवतही होतो.

बंदूक भरण्याची रीत अशी. आधी नळीत मोजलेली काळी दारू ओतायची. मग वंगण लावलेली शिशाची गोळी तोंडाशी ठेवून गजाने खाली ठासायची. प्रत्येकाच्या गजावर एक खूण असते. गोळी नीट दारूवर बसली की खूण नळीच्या तोंडाशी बरोबर येते. ती वर राहिली तर आत काहीतरी जास्त आहे, किंवा गोळी वाटेत अडकली आहे. हे सगळे झाल्यावर शेवटी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी, बसवायची. दारू ओतली की नाही अशी शंका आली तर तिथेच थांबायचे, रिकामा गज आत सोडून पाहायचे, आणि मगच पुढे जायचे. हा नियम मंडळाच्या भिंतीवर लावलेला आहे. तो मी लिहिला आहे. खाली माझी सही आहे.

दिनांक ३ मार्च रोजी हॉवेल दारू ओतायला विसरला आणि त्याने नुसती गोळी ठासली. बंदुकीचा घोडा पडला, केप वाजली, पुढे काही नाही. असे प्रत्येकाचे केव्हातरी होते आणि मग त्याची महिनाभर थट्टा होते. त्याचीही झाली. दिनांक १७ मार्च रोजी पुन्हा तेच झाले. त्या वेळी तो "टाकली होती रे मी" असे दोनदा म्हणाला. गोळी उपसून काढली तर मागे दारूचा कण नव्हता. या खेपेला कोणी थट्टा केली नाही.

चिटणीस म्हणून हे परवाना विभागाला कळवणे माझे काम होते. मी कळवले नाही. कळवले असते तर त्याचा परवाना गेला असता आणि घरातल्या बंदुका उचलून नेल्या असत्या. मग तो रविवारी कुठे गेला असता, ते मला सांगता येत नाही.

मी त्याऐवजी दुसरा उपाय काढला. शनिवारी माझ्या घरी मी त्याच्यासाठी प्लास्टिकच्या चौदा छोट्या कुप्यांत दारू मोजून भरायचो आणि लाकडी ठोकळ्यातल्या चौदा भोकांत लावून द्यायचो. आमच्या सामन्यात अर्ध्या तासात तेरा बार मारायचे असतात. त्याआधी एक बार मातीच्या बांधात मारून नळी मळवून घेतात. तो मोजत नाहीत. म्हणून चौदा. हॉवेलच्या बंदुकीचे निपल, म्हणजे ज्याच्यावर केप बसते तो पोलादी तुकडा, त्याचे आटे जुने झाले होते, म्हणून बंदुकीच्या कारागिराच्या सल्ल्याने तो हलका बार भरायचा, पन्नास ग्रेन, म्हणजे सव्वातीन ग्रॅम. कुपी रिकामी केली की ती उलटी करून त्याच भोकात ठेवायची. म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळते की किती झाले. लांबून बघणारा मी.

हॉवेलने हे मुकाट्याने मानले. पहिल्या दिवशी ठोकळा हातात घेऊन एवढेच विचारले की, "दुधाच्या बाटल्या उकळून घेतल्यास ना?"

फक्त एका गोष्टीला तो राजी झाला नाही. बांधातला पहिला बार तो त्याच्या वडिलांच्या पितळी कुपीतून भरायचा. ती बोटाएवढी आहे आणि त्याच्या वेस्टकोटाच्या डाव्या खिशात असते. मी म्हटले, मग माझ्या चौदा कशाला, तेरा देतो. पुढे स्वतःच विचार केला की एखाद्या दिवशी पितळी कुपी घरी राहिली तर हा उघडी दारू ओतत बसेल. म्हणून मी चौदाच भरत राहिलो आणि तो तेराच वापरत राहिला. दर रविवारी एक कुपी उरायची. ती मी घरी नेऊन परत ठोकळ्यात लावायचो. एप्रिलपासून, ईस्टरचा सोडून, असे दहा रविवार झाले.

रविवार दिनांक २३ जून रोजी हवा कोरडी होती आणि ऊन होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी बार सुरू करण्याचा हुकूम दिला. हॉवेल एक नंबरच्या जागेवर होता. त्याने बांधातला बार मारला तेव्हा मी दुसरीकडे तोंड करून एका नव्या सभासदाचा चष्मा नीट करून देत होतो. पुढचे सहा बार मी मोजले. ते फार चांगले होते. पाच निशाणाच्या मधल्या काळ्यात गेले.

अकरा वाजून छत्तीस मिनिटांनी चार नंबरवर केप वाजली आणि बार उडाला नाही. अशा वेळी बंदूक समोर धरून पूर्ण एक मिनिट थांबायचे असते, म्हणून मी तिथे गेलो. पहिल्या जबाबात मी लिहून दिले आहे की अपघात होईपर्यंत मी चार नंबरवरच होतो आणि हॉवेलने काय भरले ते मला दिसले नाही. हे खोटे आहे. मी तिथे चार मिनिटे होतो. मग परत हॉवेलपाशी आलो.

तो गोळी बोटांत धरून नळीच्या तोंडाशी ठेवण्याच्या बेतात होता. मी ठोकळ्याकडे पाहिले. सात कुप्या उलट्या होत्या. मी हिशेब केला की बांधातला एक, निशाणावरचे सहा, आणि आता भरतो आहे तो सातवा, म्हणजे आठ उलट्या हव्यात. एक कमी होती. याचा अर्थ सातव्या बाराची दारू ओतायची राहिली. हा हिशेब करायला मला एखादा सेकंद लागला असेल. पितळी कुपी माझ्या डोक्यात आली नाही. दहा रविवार जी कुपी मी स्वतःच्या हाताने घरी नेली, ती मला आठवली नाही.

पुढचे बोलणे मी शब्दशः सांगतो आणि ते तसेच लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

मी म्हणालो, "थांब. दारू राहिली."

हॉवेल म्हणाला, "टाकलीय मी."

मी म्हणालो, "नाही टाकलीस, हॉवेल."

तो म्हणाला, "टाकली रे. आत्ता टाकली. तू तिकडं गेलास तेव्हा."

मी म्हणालो, "मार्चमध्येसुद्धा तू असंच म्हणाला होतास."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग ठोकळ्याकडे पाहिले. गोळी खाली ठेवली. हॉवेलने माझ्या सांगण्यावरून आठवी कुपी उचलली, उघडली आणि नळीत ओतली. कुपी उलटी करून भोकात ठेवली. हात स्थिर होता.

मी गज टाकून पाहा असे म्हणालो नाही. मीही गज टाकला नाही. सार्जंटबाईंनी कारण विचारले. सामन्याची नऊ-दहा मिनिटे उरली होती, हे एक. दुसरे म्हणजे मला शंका नव्हती, आणि नियम 'शंका आली तर' असा आहे.

मग त्याने गोळी ठासली. गजाची खूण वर राहिली. अंगठ्याच्या नखापासून पहिल्या पेरापर्यंत, एवढी वर. त्याने मला ती दाखवली. म्हणाला, "खूण वर आहे, डेरेक." मी म्हणालो, "काजळी धरली असेल, ऊन आहे. दाब जरा." त्याने दोन्ही हातांनी दाबले. खूण तेवढीच राहिली. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पुढे मार, अशी.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी त्याने चाप ओढला. आवाज मोठा होता. निपल आट्यांसकट उडाले, बंदुकीचा घोडा मागे फेकला गेला आणि त्या घोड्याचे टोक तुटून तो तुकडा चष्म्याच्या वरच्या कडेवरून हॉवेलच्या उजव्या डोळ्यात गेला. मी 'बार बंद' असा हुकूम दिला. सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवून घेतल्या, लाल निशाण चढवले, आणि मग त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलो. हा क्रम बरोबर होता. त्याला किती वेळ लागला ते मी मोजले नाही.

एक सभासद बाई त्याच्या डोळ्याशी टॉवेल धरून होत्या. हॉवेल शुद्धीवर होता. तो म्हणाला, "मीच दोनदा टाकली वाटतं."

मी ते खोडून काढले नाही.

अँब्युलन्स आली तेव्हा त्याने हेच त्यांना सांगितले. हॉस्पिटलात डॉक्टरांना सांगितले, आणि त्याची पुतणी ग्लेनिस लीडसहून आली तेव्हा तिलाही. तो इतक्या लोकांना सांगत होता की मला कोणी विचारलेच नाही. संध्याकाळी पोलिसांनी विचारले, तेव्हा मी वर सांगितलेला जबाब दिला. माझा तो जबाब सगळ्यांना पटला.

पोलिसांनी बंदूक ताब्यात घेतली, पण टेबलावरचा ठोकळा मी त्याआधीच माझ्या पिशवीत टाकला होता. घाईत टाकला असे मी कोणालाही सांगू शकलो असतो. घरी गेल्यावर कुप्या मोजल्या. आठ रिकाम्या, सहा भरलेल्या. बांधातला एक आणि निशाणावरचे सात, आठ आवाज, आठ कुप्या. हिशेब जुळला. म्हणजे माझे बरोबर होते, दारू एकदाच पडली होती, जुने आटे गेले, यात कोणाचाच दोष नाही. असे मी स्वतःला सांगितले. मग वर राहिलेल्या खुणेचे काय, ते स्वतःला विचारले नाही. त्या वेळी मला पितळी कुपी आठवायला हवी होती. आठवली नाही, किंवा मी आठवू दिली नाही. यातले कोणते खरे ते मला सांगता येत नाही.

मंगळवार दिनांक २५ रोजी ग्लेनिस माझ्याकडे आली. तिच्या हातात हॉवेलचा वेस्टकोट होता. तिला तो टाकून द्यायचा होता पण हात होईना. म्हणाली, "काका, तुम्हीच बघा याचं काय करायचं ते." ती बराच वेळ बसली. चुलत्याच्या घरातला गॅस तिने बंद करून ठेवला होता आणि शेगडीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती, ती त्यानेच फोनवर सांगितलेली. बंदुका लिलावाला काढायच्या, त्यांतली भिंतीवर टांगलेली मला द्यायची, हेही त्याने ठरवले होते. तिने मला सरळच विचारले की तुम्ही त्याच्यासोबत दर आठवड्याला असता, त्याचं डोकं खरंच गेलंय का. मी तिला चहा दिला.

ती गेल्यावर मी वेस्टकोटाचे खिसे पाहिले. डाव्या खिशात पितळी कुपी होती. रिकामी. झाकणाच्या आत ताजी काळी दारू लागलेली होती, बोटाला आली.

म्हणजे बांधातला बार पितळी कुपीचा होता. मग आठ प्लास्टिकच्या आणि एक पितळी, अशा नऊ कुप्या नळीत गेल्या आणि आवाज आठ झाले. सातव्या वेळी दोन गेल्या. त्यातली पहिली मी चार नंबरवर असताना त्याने ओतली होती, तो म्हणाला तशीच. कुपी आणि ठोकळा दोन्ही आज सोबत आणले आहेत. पोलिसांनी जमा करून घ्यावेत. ठोकळ्यातल्या कुप्यांना मी रविवारनंतर हात लावलेला नाही, फक्त मोजल्या आहेत.

काल बुधवारी दुपारी तीन वाजता मी हॉस्पिटलात गेलो. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा वाचलेला नाही. मी गेलो तेव्हा त्याला चहा दिलेला होता. तो चमचा हातात धरून बसला होता आणि नर्सला विचारत होता, "मी साखर घातली का हो?" चमचा ओला होता. नर्स म्हणाली, "घातलीत की, आत्ताच." तो म्हणाला, "नक्की?" आणि ती परत हो म्हणेपर्यंत त्याने कप उचलला नाही.

हा माणूस सत्तेचाळीस वर्षे घोड्याचा पाय मांडीत धरून, खिळा कुठे ठोकायचा हे कोणालाही न विचारता ठोकत आला.

मी त्याला सगळे सांगितले. बांधातला बार, पितळी कुपी, माझा हिशेब, आठ आणि एक नऊ. तो बोलला होता ते शब्द त्यालाच सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "तू माझ्यासाठी खोटं बोलायला निघालायस, डेरेक. तुला ते येत नाही. कधीच आलं नाही."

मी म्हणालो, "मी खरं सांगतोय."

तो म्हणाला, "असू दे रे. तू बघत होतास म्हणून इतके दिवस तरी निभावलं."

मी कुपी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती अंगठ्याने पुसली आणि म्हणाला की ही कदाचित आधीच्या रविवारची असेल, मला आता सांगता येत नाही. सांगता येत नाही, असे तो तीनदा म्हणाला. मग त्याने मला शुक्रवारी अकराला यायला सांगितले. सहीला साक्षीदार लागतो आणि तो मीच व्हावे अशी त्याची इच्छा आहे. तिथून निघालो आणि गाडीत बसून राहिलो. पार्किंगची वेळ संपल्याची चिठ्ठी काचेवर लागेपर्यंत बसलो होतो.

सार्जंटबाईंनी विचारले की मार्चमध्ये तो दोनदा विसरला, हे सांगून मी त्याचे नुकसानच करत नाही का. होय, करत आहे. त्याचा परवाना आता बहुधा जाईल. पण तेवढे वगळून सांगितले तर पुन्हा अर्धे पान खोटे होईल. मी डॉक्टर नाही. मार्चमध्ये तो दोनदा विसरला, २३ जूनला तो विसरला नाही. मला एवढेच माहीत आहे.

मार्चच्या आधी त्याच्या घरी काही घडले होते का, असेही त्यांनी विचारले. दिनांक ११ फेब्रुवारी रोजी त्याची बायको मॅरियन वारली. त्यांच्या लग्नाला एक्कावन्न वर्षे झाली होती. ३ मार्चच्या रविवारी तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता, आणि मीच त्याला आग्रह करून आणले होते. यावर आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारले असता, नाही.

माझ्यावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो आणि माझा परवाना रद्द होईल, हे मला समजावून सांगण्यात आले. परवाना मी सोबत आणला आहे. बंदुकांच्या कपाटाच्या दोन्ही किल्ल्याही आणल्या आहेत. आत चार आहेत: एक तीन पट्ट्यांची एन्फील्ड, एक दोन पट्ट्यांची नौदलाची, एक ब्रन्सविक, तिची नळी आतून थोडी गंजलेली आहे पण रेषा शाबूत आहेत, आणि एक तोफखान्याची आखूड कार्बाइन. चारही तेल लावून ठेवल्या आहेत. उचलताना नळीच्या तोंडाकडून धरू नयेत, दस्त्याखाली हात द्यावा. ब्रन्सविकचा गज सैल आहे, तो निसटतो, तेवढे नेणाऱ्यांना सांगावे.

माझी एकच विनंती आहे. हा जबाब उद्या अकराच्या आत हॉवेल टिमिसला वाचून दाखवावा. मी सांगितले तर त्याला ती मैत्री वाटते, म्हणून गणवेशातल्या माणसाने वाचावा आणि त्या वेळी मी खोलीत नसावे. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसावे. सावकाश वाचावे. 'टाकली रे. आत्ता टाकली. तू तिकडं गेलास तेव्हा' हे त्याचे वाक्य आले की तिथे थांबावे आणि त्याला विचारावे की हे आठवते का. तो मला शोधत दाराकडे बघायला लागेल. त्याला घाई करू नये. आठवत असेल तर त्याने स्वतः तसे म्हणावे.

वरील मजकूर सार्जंट बीव्हन यांनी दुपारी चार वाजता मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'हॉवेलने आठवी कुपी उचलली' असे आले होते. तिथे 'माझ्या सांगण्यावरून' हे शब्द घालून घेतले आणि शेजारी समासात सही केली. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे आणि खरा आहे.

(सही) डी. ए. प्रॉथरो